रेवाचा पहिला दात मी पाहिला नाही

माझ्या मुलीला पहिला दात आला तेव्हा ती मौद्याला तिच्या आजीजवळ होती आणि मी नागपुरात, एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, नाकात नळी घेऊन पडले होते. मध्ये अंतर जेमतेम तासाभराचं. पण त्या दिवसांत मला खाटेवरून खिडकीपर्यंतसुद्धा कुणी हाताला धरून न्यावं लागत होतं.

त्या काळात मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी एका वहीत लिहायचे. वॉर्डातल्या लता सिस्टर म्हणाल्या होत्या, "वही फेकू नको. तुझ्यासारखी दुसरी कोणी आली तर तिले दाखवू." ती वही समोर ठेवून हे लिहिते आहे. ज्यांच्या जबड्यात असंच काही निघालं असेल आणि ज्यांचं लेकरू घरी असेल, त्यांच्यासाठी.

भरलेला गाल

मला सातवा महिना होता तेव्हा उजवा जबडा जरा भरल्यासारखा वाटायला लागला. दुखत काही नव्हतं. सीताबर्डीतल्या एका विमा कार्यालयात मी फोनवर बोलायचं काम करते. दिवसभर रिसीव्हर उजव्या कानाला. तो गालावर टेकायला लागला तसा मी डाव्या कानाला धरायला लागले, आणि विषय संपवला. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी हायेस वं, गाल भरनारच." मलाही तेच ऐकायचं होतं.

रेवा झाली. अंगावरची सूज उतरली, बोटात अंगठी पुन्हा सैल झाली, पण तो गाल तसाच राहिला. मग एक दिवस भाकर खाताना मागची दाढ हलली. खाली हाड नसल्यासारखी हलली. रेवा तेव्हा साडेसात महिन्यांची होती. मनीषनगरात आमच्या घराजवळ एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेले. ते बडबडे गृहस्थ. एक्स-रे हातात आला आणि ते एकदम गप्प झाले. त्यांनी चिठ्ठी देऊन मला जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. तिथे जबड्यातला तुकडा काढून तपासायला दिला.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. मी, माझा नवरा प्रशांत आणि माझ्या मांडीवर रेवा, असे आम्ही त्या सर्जन मॅडमसमोर बसलो. मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला. उजवीकडे, जबडा जिथे कानाकडे वळतो तिथे, साबणाच्या फुग्यांसारखे काळे गोल होते आणि त्यांच्या तळाशी एक दाढ आडवी पडलेली.

"ही तुमची अक्कलदाढ," त्या म्हणाल्या. "ही कधी वर आलीच नाही."

प्रशांतला दर गोष्टीत थट्टा करायची सवय. "म्हटलं ना मी, हिची अक्कल..." एवढं बोलून तो थांबला. मॅडम हसल्या नव्हत्या.

त्यांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं चित्र काढलं. म्हणाल्या, "बाळ पोटात दोन महिन्यांचंही नसतं, तेव्हा त्याच्या हिरडीच्या जागी एक पट्टी तयार होते. त्या पट्टीला अंकुर फुटतात. एकेका दाताचा एकेक अंकुर. अंकुराची आधी टोपी होते, मग टोपीची घंटा. घंटेच्या आत दाताचा आकार धरला जातो. पेशींचा एक थर दातावरचं पांढरं कवच घालतो, आणि काम झालं की त्या पेशी संपतात. म्हणून कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही. पण काही पेशी मागे राहतात. बहुतेकांच्या त्या जन्मभर निजलेल्या असतात. तुमच्या जाग्या झाल्या. पण दात बनवणं त्यांना जमलं नाही, नुसत्या वाढत गेल्या."

"कॅन्सर आहे का?" प्रशांतनं विचारलं.

"ट्यूमर आहे, पण आपण ज्याला कॅन्सर म्हणतो तसा नाही. सहसा दुसरीकडे पसरत नाही. पण हाड खात जातो. नुसता खरवडून काढला तर पुन्हा येण्याची भीती असते. म्हणून तेवढा जबडाच काढावा लागेल. तिथे पायातलं हाड बसवू."

रेवा माझ्या फाइलचा कोपरा तोंडात घालून चावत होती. लाळेनं माझा हात ओला झाला होता. मॅडमनी हात धुतले आणि तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं. "अजून आला नाही वाटतं एकही."

"नाही," मी म्हटलं. "सगळे विचारतात."

"येईल. आत वीसच्या वीस तयार होऊन राहिलेत. सहाव्या वर्षी जी पक्की दाढ येते ना, तिचंसुद्धा काम जन्माच्या सुमारासच सुरू झालेलं असतं."

त्या माझी समजूत काढत होत्या. पण मी ऑटोत बसल्यावर एकच गोष्ट धरून बसले. सहाव्या वर्षीची दाढ. ती येईल तेव्हा मी असेन का, असले तर कशी असेन, माझं तोंड तिला तोंडासारखं दिसेल का? मनीषनगर येईपर्यंत मी रेवाच्या हिरडीवर बोट ठेवून होते. वाटत होतं, पहिल्या दाता, यायचं तर ऑपरेशनला तीन आठवडे आहेत, त्यांत ये बाबा. मी घरी आहे तोवर ये.

दूध तोडलं

मला आई नाही. माहेरी भाऊ आहे, अमोल, वर्ध्याला. म्हणजे रेवाला सांभाळायला सासूबाईच. त्या मौद्याहून आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पायाचं हाड तोंडात लावून राहिले तं चालशील कशी?"

गुडघ्याखाली दोन हाडं असतात, बारीक आहे ते काढलं तरी चालता येतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तू पोरीची कायजी नको करू. मी हावो ना."

दूध तोडणं भाग होतं. इतके दिवस दूर राहायचं, औषधं चालणार, तिला वाटी-चमच्याची सवय आधीच लागलेली बरी. लिहायला हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात ते असं झालं, की सासूबाई बाहेरच्या खोलीत रेवाला चमच्यानं दूध पाजायच्या, ती तोंड फिरवून रडायची, आणि मी आतल्या खोलीत दार लावून छातीशी ओढणीचा बोळा धरून बसायचे. माझा आवाज तिच्या कानावर पडला की ती चमचा ढकलून द्यायची. म्हणून मी माझ्याच घरात कुजबुजत बोलायला लागले. चौथ्या दिवशी ती वाटीनं प्यायली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "पेली बापा." मी "बरं झालं" म्हटलं. मला बरं वाटलं नव्हतं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्या तिला मौद्याला घेऊन गेल्या. रेवा गाडीत मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिला काचेवरचं स्टिकर जास्त आवडलं.

तिसरा मजला

ऑपरेशनबद्दल मी फार सांगणार नाही. मला काही ठाऊकही नाही. शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यातून श्वास चालला होता, नाकात नळी होती, पाय गुंडाळलेला होता आणि चेहरा माझा वाटत नव्हता. तुमचंही असंच ऑपरेशन होणार असेल तर एक आधीच सांगून ठेवते: आवाज गेलेला नसतो, फक्त वाट बदललेली असते. मला हे सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी तोंड हलवून काहीच बाहेर आलं नाही तेव्हा मी खाटेचा गज धरून धडपडले. लता सिस्टरनी माझा हात धरला आणि वही दिली. मी पहिला शब्द लिहिला तो वाचता येत नव्हता. त्यांनी ओळखला. "रेवा मस्त हाय. सकाळी वरण खाल्लं म्हणे."

दर तासाला कुणीतरी बॅटरी घेऊन यायचं आणि माझ्या तोंडात डोकावायचं. पायाचं हाड बसवलं होतं त्याच्यासोबत थोडी कातडीही होती, आणि ती जिवंत आहे की नाही हे रंगावरून कळायचं. "गुलाबी," सिस्टर म्हणायच्या आणि जायच्या. त्या दिवसांत मला जगातल्या कुठल्याही शब्दापेक्षा तो शब्द आवडायचा.

खाणं नळीतून. डाळीचं पाणी, दूध, पावडर. पोट भरायचं, तोंडाला पत्ता नसायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला आलेले लोक व्हरांड्यात फुटाणे खायचे, त्यांचा कुरकुर आवाज आत यायचा. मी डोळे मिटून तो ऐकायचे. चव आठवायची नाही, पण दाताखाली दाणा फुटतो ते आठवायचं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. रेवा झोपेतून उठली होती आणि रडत होती. मला बोलता येत नव्हतं, मी नुसता हात हलवला. ती पडद्याकडे न बघता रडत राहिली. आणि मी पाहिलं तर माझ्या अंगावरचा दवाखान्याचा झगा दोन्हीकडून भिजला होता. दूध आटलं असं मी धरून चालले होते.

प्रशांत गोंधळून उठला. "सिस्टरले बोलावू का?"

लता सिस्टर आल्या, एकदा बघितलं, प्रशांतला बाहेर पाठवलं, पडदा ओढला. गरम पाण्यात फडकं पिळून आणलं. मग माझ्या मागे खाटेवर बसून त्यांनी हळूहळू हातानं दूध काढलं, एका स्टीलच्या वाटीत. वेळ लागला. "मले दोन पोरं हायेत," एवढंच त्या मध्ये बोलल्या. वाटी त्यांनी उचलली तेव्हा मी वही घेतली आणि लिहिलं, "मोरीत नका ओतू."

त्यांनी ते वाचलं. "बाहेर मोगऱ्याची कुंडी हाय," त्या म्हणाल्या, "तिले घालतो." त्यांनी खरंच घातलं की नाही हे मी कधी विचारलं नाही.

टक्

नवव्या दिवशी प्रशांत फोन घेऊन आला, चेहरा खुललेला. "पाय, पाय. काय आलं ते पाय."

व्हिडिओत सासूबाईंचा हात होता. त्यांनी रेवाच्या खालच्या हिरडीवर चमचा हळूच आपटला. टक्. "आयकलं का?" त्यांचा आवाज. पुन्हा टक्. रेवा हसली आणि हिरडीत एक पांढरी रेघ दिसली, तांदळाच्या कणीएवढी. व्हिडिओच्या शेवटी शेजारणींचे हसण्याचे आवाज होते. अमोललाही कळवलं होतं म्हणे, आणि त्यानं आधी विचारलं, "खालचाच आला ना?" वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो असं आमच्याकडे मानतात.

मी फोन प्रशांतला परत दिला. वहीत लिहिलं: "मला नको दाखवू."

"काहून?"

"त्यांनी आधी पाहिला," मी लिहिलं. पेन कागदातून आरपार गेलं. मग लिहीतच गेले. दोन महिन्यांची पोटात होती तेव्हा सुरू झालेला दात. सगळे दिवस माझ्या पोटात घडला. बाहेर आला तेव्हा शेजारणीसुद्धा होत्या. मी नव्हते. असं पानभर. शेवटी लिहिलं, "तुझ्या आईला सांग, आता दुसरा आला की मला कळवू नका."

प्रशांतनं पान वाचलं. मला वाटलं, समजूत घालेल. त्यानं वही मिटली.

"आई गुडघे धरून उठते स्वाती," तो म्हणाला. "दिवसभर पोरीच्या मागं धावून राहिली. अन् मी? मी नऊ दिवस झाले इथंच हावो. मले तरी कुठं पाहाले भेटला तो दात? मी पण व्हिडिओच पाहिला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो बापही आहे, त्यालाही लेकीची आठवण येत असेल, हे नऊ दिवसांत एकदाही माझ्या वहीत आलं नव्हतं. सगळ्या पानांवर मीच होते. त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते आणि अंगात तोच निळा शर्ट होता. मी वही मागितली आणि लिहिलं, "उद्या मौद्याला जा. बोट लावून बघ. मग मला सांग कसा लागतो."

तो गेला. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ त्याची मावशी बसली. संध्याकाळी परत आला तो आपल्या तर्जनीकडे बघत. "करवतीसारखा हाय," तो म्हणाला. "जोरात चावली मले." आणि त्यानं ते बोट माझ्या तळहातावर ठेवलं.

घरी

सतराव्या दिवशी नळ्या निघाल्या आणि मी काठी घेऊन घरी आले. सासूबाई रेवाला घेऊन आधीच पोचल्या होत्या. सगळे दिवस मी याच क्षणावर काढले होते. मी सोफ्यावर बसले, हात पुढे केले. रेवानं माझ्याकडे पाहिलं. उजवी बाजू सुजलेली, गळ्यावर पट्टी, आवाज घोगरा. तिचा ओठ थरथरला आणि ती आजीच्या मानेत तोंड खुपसून किंचाळली.

"उगी ओढू नको तिले," सासूबाई म्हणाल्या. "बसून राय फक्त. येईल."

ती आली नाही. आठ दिवस झाले. मी बसायचे त्या खोलीत ती खेळायची, पण दोन हात अंतर ठेवून. भूक लागली की आजी, पडली की आजी. आमच्या दोघींचं जेवण एकच असायचं, मऊ भात आणि वरण, एकाच भांड्यात कालवलेलं. पण ती आजीच्या हातून खायची आणि मी चमच्यानं, आरशासमोर, सांडू नये म्हणून. सासूबाईंनी मला काही कमी केलं नाही. माझ्या पायाला तेल लावलं, भात गाळणीतून काढून दिला. तरी रेवा त्यांच्या खांद्यावर झोपली की मला त्या खांद्याचा राग यायचा. हे लिहायला लाज वाटते, पण हेही खरं आहे, आणि तुम्हाला असं झालं तर तुम्ही एकट्या नाही.

नवव्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवी भरताना दिसल्या. महिनाभर राहायचं ठरलं होतं.

"आई, कुठं चालल्या?" मी विचारलं.

"घरी."

"मी काही बोलले का?"

"तू काय बोलशील." त्यांनी लुगड्याची घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. "मी इथं राहिलो तं ती तुझ्यापाशी येनार नाई. मले समजून राहिलं. पोरगं कोरडं पडलं की जवळची विहीर पायते. जवळ मी हावो, तं मीच."

"तुम्हाला करमेल?"

"नाई करमनार," त्या सरळ म्हणाल्या.

प्रशांत त्यांना बसपर्यंत सोडायला गेला. त्यांनी रेवाला उचललं नाही. ती डब्याची झाकणं आपटत होती, तिच्या मागून त्या निघून गेल्या, चपला हातात घेऊन, जिन्यात घातल्या. मी दारात काठीवर उभी होते. एवढे दिवस ज्या बाईचा मी हेवा केला ती तीन जिने वळून बघायलाही थांबली नाही, थांबली असती तर गेली नसती म्हणून.

रेवा दुपारपर्यंत रडली. प्रत्येक खोलीत रांगत जाऊन शोधलं. मग दमून माझ्यापासून हातभर अंतरावर बसली, हुंदके देत. मी हात पुढे केला नाही. वरणभाताची ताटली आमच्या मध्ये ठेवली आणि माझा चमचा भरून खाल्ला. तोंड नीट उघडत नव्हतं, अर्धं सांडलं. ती बघत होती. मग ताटलीत हात घालून तिनंही खाल्लं. तिसऱ्या घासाला ती माझ्या बऱ्या पायाला टेकली. त्या दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली, तोंड उघडं ठेवून. मी पहिल्यांदा तो दात प्रत्यक्ष पाहिला. शेजारी दुसऱ्याची पांढरी रेघ होती.

मी लगेच फोन केला. "आई, दुसरा येऊन राहिला."

"चमचा लावून पाय," त्या म्हणाल्या. "मले आयकू दे."

आता

रेवा आता दीड वर्षाची आहे. दर रविवारी आम्ही मौद्याला जातो, किंवा त्या येतात. माझ्या जबड्यातलं पायाचं हाड जुळलं आहे असं मॅडम म्हणतात. त्यावर दात बसवायला अजून काही महिने थांबायचं आहे. ऑफिसात जाते. फोनवर "विमा" हा शब्द पूर्वीसारखा येत नाही, लोक दोनदा विचारतात, मी दोनदा सांगते. तोंड उघडायचा व्यायाम रोज करते. सुरुवातीला एक बोट जात होतं, आता अडीच जातात. कंटाळा करू नका, एवढंच या बाबतीत सांगेन.

एक गोष्ट मात्र परत येणार नाही. जबड्यासोबत तिथली नसही काढावी लागली. उजवीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहेत. हे मॅडमनी आधी सांगितलं होतं, तेव्हा मला ते फार किरकोळ वाटलं. जीव वाचतोय, ओठाचं काय घेऊन बसायचं. किरकोळ नाही ते. रेवा तिथे पापी घेते ते मला समोर आरसा असला तरच कळतं. तिचा ओला ओठ टेकलेला असतो आणि माझ्यापर्यंत काही पोचत नाही. त्या बोटभर जागेसाठी मी जेवढी झुरते तेवढी फुटाण्यांसाठीही नाही झुरले.

परवा दुपारी ती माझ्या छातीवर पालथी पडून माझ्या चेहऱ्याशी खेळत होती. तिनं उजवीकडे हनुवटीला बोट टोचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला काही जाणवलं नाही, मी तशीच पडून होते. तिनं पुन्हा टोचलं. वाट पाहिली. मग तेच बोट तिनं डावीकडे आणून टोचलं, आणि मला गुदगुल्या झाल्या, मी हसले. तीही हसली, चौदाही दात दाखवून. तेव्हापासून ती माझी पापी घ्यायला आली की आधी हातानं माझा चेहरा वळवून घेते.